गावच्या दफ्तरात बाई कुठे सापडते : ब्रिटिश काळातील स्थानिक स्त्रियांचा शोध घेणाऱ्या नवोदितांसाठी

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले आणि त्यानंतर जवळजवळ शतकभर कोणाच्या स्मरणात राहिले नाही, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे मराठी वाचकांना त्याची ओळख झाली. ज्या बाईने स्वतःच्या नावाने पुस्तक लिहून छापून घेतले, जिचे वडील बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत नोकरीला होते, तिच्या आयुष्याविषयीसुद्धा आज चार-दोन गोष्टींपलीकडे काही ठाऊक नाही. मग त्याच वर्षी त्याच गावात शेतात खुरपणाऱ्या, बाळंतपणे करणाऱ्या किंवा बाजारात भाजी विकणाऱ्या बाईविषयी काय मिळणार, असा प्रश्न नव्या अभ्यासकाला पडतो. पुष्कळ मिळते, परंतु ते तिचे नाव घेऊन शोधले तर क्वचितच मिळते. सरकारी कारकुनाने बाईची नोंद केली ती बहुधा जमीन, गुन्हा, रोगराई किंवा मदतीची मागणी यांपैकी एखाद्या कारणाने तिचा कचेरीशी संबंध आला म्हणून. त्यामुळे ‘अमुक बाई कुठे सापडेल’ या प्रश्नाआधी ‘अशा बाईची दखल घेण्याची गरज कोणत्या खात्याला पडली असेल’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. पुढील मार्गदर्शन मुख्यतः मुंबई इलाख्यातील मराठी जिल्ह्यांना आणि १८१८ ते १९४७ या काळाला धरून केले आहे.

पहिली पायरी : त्या वर्षी गावावर राज्य कोणाचे होते ते पाहावे

आजचा जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून शोध सुरू केला, तर चुकीच्या इमारतीत दिवस जातात. पुणे, अहमदनगर, खानदेश, रत्नागिरी हे मुलूख १८१८ पासून कंपनी सरकारकडे आले. साताऱ्याचे राज्य मात्र १८४८ मध्ये खालसा झाले. कोल्हापूर, सावंतवाडी, सांगली, औंध, भोर ही संस्थाने स्वातंत्र्यापर्यंत टिकली, म्हणून तेथील बाईचा अर्ज कलेक्टरकडे न जाता दरबारात गेला असण्याचा संभव अधिक. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि तेथील कागदांत उर्दू व फारसी भेटते. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले, त्यामुळे ताराबाईंच्या बुलढाण्याचे कागद मुंबई इलाख्याच्या दफ्तरात शोधण्यात अर्थ नाही. गोव्याची गोष्ट तर अगदीच निराळी आहे. तेथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू झाली, जन्म-विवाहाची नागरी नोंदणी आली, आणि वारसाहक्काच्या कामात कुटुंबाच्या मालमत्तेच्या तपशीलवार याद्या होऊ लागल्या. पत्नीचा वाटा कायद्यानेच मान्य असल्याने त्या कागदांत तिचे नाव ठळकपणे येते.

राज्य ठरले की शोधाचा आवाकाही ठरवावा. एक गाव आणि वीस-तीस वर्षे, किंवा एक घराणे, किंवा एकाच कामातल्या बायका एवढी मर्यादा पुरेशी आहे. ‘साताऱ्यातील स्त्रिया’ हा विषय ग्रंथाचा आहे, पहिल्या प्रयत्नाचा नव्हे.

दुसरी पायरी : नावांचा तक्ता करावा

मराठी मुलुखात लग्नानंतर मुलीचे आडनावच नव्हे तर पुष्कळदा तिचे पाळण्यातले नावही बदलत असे, आणि त्या एका रीतीमुळे शोध जितका अडतो तितका तो दुसऱ्या कशानेच अडत नाही. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुना, आणि लक्ष्मीबाई टिळक लग्नाआधी मनकर्णिका होत्या. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई त्यापूर्वी गोदूबाई म्हणून ओळखल्या जात. या नामवंत स्त्रियांची दोन्ही नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्यांनी स्वतः किंवा जवळच्यांनी ती लिहून ठेवली. इतरांच्या बाबतीत शाळेच्या रजिस्टरातली यमुना आणि सासरच्या फेरफारातली, म्हणजे जमिनीवरील हक्कबदलाच्या नोंदीतली, लक्ष्मी ही एकच व्यक्ती आहे हे आपल्यालाच सिद्ध करावे लागते, आणि ते नावावरून नव्हे तर नात्यांवरून होते.

म्हणून एका वहीत प्रत्येक बाईसाठी एक पान ठेवून त्यावर माहेरचे नाव, सासरचे नाव, वडील, भाऊ, नवरा, दीर, मुलगे, जावई, दोन्ही गावे आणि जात असे रकाने पाडावेत. शोध घ्यायचा तो या पुरुषांच्या नावांनी, आणि त्यांच्या कागदांत बाई कुठे डोकावते ते पाहायचे. कागदांतली नातेदर्शक भाषा आधी ओळखीची करून घ्यावी. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’, ‘जोजे’, ‘भ्रतार’ किंवा ‘मर्द’ यांच्यापुढे नवऱ्याचे नाव येते. ‘अ. पा. क. आई’ असे लिहिले असेल, तर मुलगा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, असून त्याची आई पालनकर्ती आहे असे समजावे, म्हणजे काही वर्षे तरी त्या घराचा व्यवहार तिच्या हाती होता. उच्चवर्णीय घरांच्या कागदांत ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ ही उपपदे फार उपयोगी पडतात. एका दस्तात ती सौभाग्यवती आणि पाच वर्षांनंतरच्या दस्तात गंगाभागीरथी असेल, तर नवऱ्याच्या मृत्यूची नोंद त्या पाच वर्षांतच शोधायची हे ठरून जाते.

कालगणनेचा तक्ताही याच वहीत असावा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तारखांसाठी ७९ मिळवावे लागतात. दख्खनी फसली, म्हणजे महसुली, सनात त्याचप्रमाणे ५९० किंवा ५९१ मिळवावे.

तिसरी पायरी : आधी गाव, मग मुंबई

नवोदित अभ्यासक बहुधा थेट पुराभिलेखागाराची वाट धरतात, पण पहिली नोंद गावाजवळच मिळण्याची शक्यता जास्त असते. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही असते, तिला गाव नमुना नंबर १४ किंवा बोलीभाषेत कोतवाल बुक म्हणतात. तीत सामान्यतः तारीख, जात, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, वय आणि मृत्यूचे कारण असते. मुलीच्या जन्मापुढे अनेकदा नावच नसते, नुसते ‘मुलगी’ असते. तीही नोंद उतरवून घ्यावी, कारण आईच्या बाळंतपणांतील अंतर त्यावरूनच कळते. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधाच्या निमित्ताने अशा हजारो पानांच्या प्रती निघाल्या आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्या चढल्या. ती पाने चाळणाऱ्यांचे लक्ष पणजोबांच्या जातीच्या रकान्याकडे होते, पणजी त्याच ओळीत असूनही तिच्याकडे कोणी थांबून पाहिले नाही, हे मला या साऱ्या खटाटोपातले मोठेच नवल वाटते.

जुन्या प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर हा दुसरा ठेवा आहे. मुलीचे नाव, जन्मतारीख, जात आणि शाळा सोडल्याची तारीख व कारण त्यात मिळते. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्यावा, कामाचा हेतू स्पष्ट सांगावा आणि रजिस्टर घरी नेण्याची मागणी कधीही करू नये.

यांतले पुष्कळ कागद मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात, त्यामुळे सुरुवातीला एखाद्या जाणकाराला सोबत घ्यावे. पण नावे, नाती आणि तारखा ओळखण्याइतकी मोडी स्वतः शिकून घेणे काही महिन्यांच्या नित्य सरावाने साधते. पुराभिलेख खात्याकडून आणि काही इतिहास मंडळांकडून त्यासाठी वर्गही चालवले जातात.

चौथी पायरी : जमिनीचे कागद सावकाश वाचावेत

वेळ हाती थोडा असेल, तर बाकी सारे सोडून हेच काम करावे असे माझे मत आहे. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदीची पद्धत आली आणि पुढे १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यात सामावली गेली. तेव्हापासूनचे फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, आज तहसील कचेरीत आणि अनेक तालुक्यांच्या बाबतीत ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतात. खातेदार मेला की वारसांची नोंद होते, आणि विधवा, मुली, कधी सून आणि कधी सवतीसुद्धा एकाच परिच्छेदात हजर होतात. नोंदीच्या शेवटी ‘तक्रार’ असा शेरा असेल तर तक्रारीचा निकाल अवश्य मिळवावा. वाद झाला तिथेच माणसे तोंडाने बोललेली सापडतात.

विधवेने केलेल्या खरेदीखताला किंवा गहाणखताला विशेष मोल आहे. तत्कालीन हिंदू कायद्याप्रमाणे नवऱ्याच्या जमिनीवर विधवेचा हक्क तिच्या हयातीपुरता असे, आणि ती जमीन कायमची विकायची तर तिला तशीच कायदेशीर गरज दाखवावी लागे. पुरुष आपल्या एकट्याच्या मालकीची जमीन विकताना कारण सांगायला बांधलेला नव्हता; तिला मात्र नवऱ्याचे कर्ज, मुलीचे लग्न, सरकारी सारा, नवऱ्याचे उत्तरकार्य यांतले कारण दस्तात लिहावेच लागे, कारण पुढचे वारस त्या विक्रीला न्यायालयात आव्हान देऊ शकत. त्यामुळे तिच्यावर कायद्याने घातलेले बंधनच आपल्या हाती तिच्या आयुष्याची हकीकत ठेवून जाते. अर्थात सांगितलेले कारण खरेच असेल असे नाही, कारण दस्त लिहिणाऱ्याला कोणती कारणे कोर्टात टिकतात हे पक्के ठाऊक असे. एकाच दस्तलेखकाचे पाच-सहा दस्त शेजारी ठेवले की ठरावीक साचा कोणता आणि खास त्या बाईचा तपशील कोणता हे उमगू लागते.

एखादी विधवा फेरफारातून अचानक नाहीशी झाली, तर तिचा मृत्यू झाला असे लगेच मानू नये. १८५६ च्या विधवाविवाह कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क काढून घेतला. ज्या जातींत पाट लावण्याची चाल आधीपासूनच होती, त्यांनाही हे कलम लागू पडते असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १८९० च्या दशकात दिला. म्हणून अशा बाईचा माग दुसऱ्या गावी, दुसऱ्या नवऱ्याच्या नावापुढे घ्यावा लागतो.

वतनदार घराण्यांत आणखी एक वळण लक्षात ठेवावे. वतनाच्या १८७४ च्या कायद्यात १८८६ साली दुरुस्ती झाली आणि शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा वगळता घराण्यातील बाकी स्त्रिया व त्यांच्याकडून हक्क सांगणारे यांना पात्र पुरुष वारसांच्या मागे ढकलण्यात आले. पाटील-कुलकर्ण्यांच्या घरात मुलीच्या बाजूने आलेला दावा १८८६ च्या आधीचा आहे की नंतरचा, एवढे पाहिले तरी तो का जिंकला किंवा का हरला याचा निम्मा उलगडा होतो. मुलीला चोळीबांगडीसाठी दिलेली जमीन, विधवेच्या अन्नवस्त्राचा करार, दत्तकपत्र आणि बक्षीसपत्र यांसाठी दुय्यम निबंधक कचेरीतील सूच्या पाहाव्यात.

पाचवी पायरी : पुराभिलेखागारात जाताना

मुंबई इलाख्याचे सचिवालयीन दफ्तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आणि इनामांच्या चौकशीचे कागद आहेत. ओळखपत्र व शक्यतो एखाद्या संस्थेचे शिफारसपत्र जवळ ठेवावे. मुंबईचे कागद महसूल, न्याय, सामान्य, राजकीय, शिक्षण अशा खात्यांनुसार, वर्षाच्या आणि खंडाच्या क्रमांकाने लावलेले आहेत, त्यामुळे अनुक्रमणिकेत बाईचे नाव शोधणे बहुतेक वेळा व्यर्थ ठरते. त्याऐवजी तत्कालीन इंग्रज कारकून वापरत ते मथळे शोधावेत: पिटिशन, विडो, पेन्शन, अॅडॉप्शन, मिडवाइफ, फीमेल एज्युकेशन, इन्फँटिसाइड, लॉक हॉस्पिटल. यांतील शेवटचा मथळा छावणीच्या गावांसाठी, म्हणजे पुणे, खडकी, अहमदनगर यांसारख्या ठिकाणांसाठी महत्त्वाचा आहे, कारण लष्कराच्या वस्तीजवळ देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी व सक्तीची वैद्यकीय तपासणी छावणी-कायद्यांखाली होत असे. १८४३ पूर्वीच्या कागदांत कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम स्त्रिया, भेटतील. त्या वर्षीच्या कायद्याने गुलामगिरीला न्यायालयांचा आधार उरला नाही.

अर्ज वाचताना तो बहुधा दुसऱ्याने लिहिलेला असतो हे ध्यानात ठेवावे. ‘अनाथ’, ‘अबला’, ‘मायबाप सरकार’ ही अर्जाची ठरावीक भाषा आहे. तेवढ्यावरून ती बाई हतबल होती असे ठरवू नये. तीन साहेबांना तीन अर्ज करणारी, मुदत संपण्याआधी अपील करणारी विधवा ही चांगलीच जाणती कारभारीण असली पाहिजे.

छापील साधने, आणि त्यांच्याकडून काय अपेक्षू नये

परदेशी मार्गदर्शिका वाचून आलेले अनेक जण जनगणनेची घरोघरची पत्रके मागतात. आपल्याकडे ती जपली गेली नाहीत. मुंबई इलाख्याची पहिली जनगणना १८७२ ची आणि साऱ्या देशात एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. या दोन्हींचे कोष्टकरूप अहवाल मिळतात, व्यक्तींची नावे मिळत नाहीत. तरी वयानुसार विवाहित व विधवा मुलींची संख्या त्यांत असते, आणि आपल्या जिल्ह्यात तेव्हा काय सर्रास होते हे त्यावरून समजते.

जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेली जिल्हा गॅझेटियरे घरबसल्या वाचता येतात. पुण्याचे १८८५ चे तीन भागांत आहे. त्यांतील जातींची वर्णने वाचली तर बायका नुसत्या लुगडी नेसून सण साजरे करत होत्या असा समज होईल. उद्योगधंद्यांचे आणि शेतीचे प्रकरण त्याहून उपयोगी आहे. मागावर पुरुष बसलेला दिसला, तर सूत उकलून कांड्या कोणी भरल्या हे विचारत ते वाचावे.

वृत्तपत्रांत ‘ज्ञानोदय’ला पर्याय नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये सुरू केलेल्या या पत्रात १८५५ साली मुक्ता साळवे या फुले दांपत्याच्या शाळेतील किशोरवयीन विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला, आणि दलित मुलीचा स्वतःचा आवाज त्या काळातून आपल्यापर्यंत पोचला तो केवळ त्यामुळे. मिशनांचे वार्षिक अहवाल, बाप्तिस्म्याच्या वह्या आणि शाळांचे वृत्तांतही पाहावेत. १८२७ मध्ये मुंबईला आलेल्या आणि अहमदनगरला अनेक वर्षे मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फॅरर यांच्यासारख्या शिक्षिकांच्या पत्रव्यवहारात एरवी कुठेच न येणाऱ्या स्थानिक मुली व स्त्री-शिक्षिका आढळतात. मात्र मिशनला देणगीदारांना आपले यश दाखवायचे असे, ही गोष्ट नजरेआड करू नये. ‘ज्ञानप्रकाश’, ‘इंदुप्रकाश’, ‘दीनबंधु’, ‘केसरी’, ‘सुधारक’ यांच्या फायलींसाठी पुणे नगर वाचन मंदिर, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय आणि रत्नागिरीचे नगर वाचनालय अशा जुन्या ग्रंथालयांत चौकशी करावी.

संकटाच्या वर्षांवर विशेष नजर ठेवावी. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत मदतकामांवरील बायकांची गणना पुरुषांपासून वेगळी केली जाई, तर प्लेगच्या काळात घरझडती आणि सक्तीची इस्पितळे यांमुळे एरवी उंबऱ्याआड राहणाऱ्या स्त्रियांविषयी तक्रारी, खुलासे आणि उलट खुलासे लिहिले गेले. पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली होती. आपल्या गावातील झडत्यांचे कागद या वादाच्या शेजारी ठेवून वाचावेत.

कोकणातील घराण्यांचा शोध घेणाऱ्यांनी मॉरिशसचा विचार करावा. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारावर गेलेल्या मजुरांत मराठी बायकाही होत्या, आणि तेथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदवह्यांत अनेकींचे नाव, वय, मूळ गाव आणि काहींचे छायाचित्रही मिळते. रत्नागिरीच्या कोणत्याही कागदात त्याच काळातील मजूर बाईचा चेहरा मिळणार नाही.

ऐकीव माहिती आणि लेखन

घरातील वृद्ध स्त्रियांना ‘इतिहास सांगा’ म्हटले की त्या आजोबांविषयी बोलू लागतात. त्याऐवजी बाळंतपण कोणी केले, दागिने कधी व कोणाकडे गहाण पडले, माहेरी शेवटचे कधी जाणे झाले, घरात कोणाचे नाव घेत नसत, असे विचारावे. जात्यावरच्या ओव्यांत सासर-माहेरची गावे, बाजारपेठा आणि भावांची नावे येतात. हेमा राइरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या पुढाकाराने जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांपैकी अनेक आज ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर वाचता आणि काही ऐकताही येतात. ओवी पिढ्यान् पिढ्या बदलत जाते, म्हणून तिच्यावरून साल ठरवू नये, पण कोणत्या दुःखाला उघड बोलण्याची मुभा होती ते तिच्यावरून नक्की कळते.

लिहायला बसल्यावर प्रत्येक विधानामागे कोणता कागद आहे हे वाक्यातच सांगावे, आणि कागदात काय आहे व आपण काय ताडतो यांतली रेघ पुसू देऊ नये. ‘तिला वाटले असेल’ हे वाक्य जिथे येईल तिथे ते तसेच ठेवावे, ‘तिला वाटले’ असे करू नये. कारकुनाने लिहिलेले ‘रांड’, ‘बदचाल’, ‘गुन्हेगार जात’ हे शब्द अवतरणात द्यावेत, स्वतःच्या वाक्यात घेऊ नयेत. व्यभिचार, भ्रूणहत्या, देहविक्रय यांसंबंधीच्या नोंदी सापडल्या आणि त्या घराचे वंशज गावात राहत असतील, तर छापण्यापूर्वी त्यांच्याशी बोलावे आणि गरज पडल्यास नाव व गाव गाळावे. त्याने अभ्यासाचे काही बिघडत नाही, कारण खंड व पान क्रमांक आपल्या टिपणात असतोच. काम पुरे झाले की नावांच्या तक्त्याची एक प्रत आणि मोडी कागदांची बाळबोध लिप्यंतरे तालुक्याच्या ग्रंथालयात द्यावीत, आणि कोणते दफ्तर पाहिले पण त्यात काहीच मिळाले नाही याचीही यादी त्यांना जोडावी, म्हणजे पुढचा अभ्यासक तेच गठ्ठे पुन्हा सोडत बसणार नाही.